गावच्या तलावातल्या माशांचा सरकारी हिशोब कसा बघायचा

आमच्याकडं दर उन्हाळ्यात पारावर एकच विषय निघतो, तलाव आटला तर मासे गेले कुठं. कोण म्हणतं ठेकेदारानं रातोरात विकले, कोण म्हणतं माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडलंच नव्हतं, कोण म्हणतं पाणकावळ्यांनी खाल्ले, आणि चहा संपला की सगळे आपापल्या घरी. मी पण त्यातलाच. दोन वर्षांमागं चुलते वैतागून म्हणाले, "आरं सरकारी तलाव हाय न्हवं, मग सरकारकडं वही आसंल की, ती बघून ये जा." ती वही बघायला मला सात महिने लागले, कारण काय मागायचं, कुणाकडं मागायचं हेच माहीत नव्हतं. तुम्हाला एवढे लागू नयेत म्हणून लिहितोय. तलावाचं, संस्थेचं, ऑफिसचं नाव टाकत नाही, माण-खटाव-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात कुठंतरी समजा, आणि तुमच्या तलावाची गोष्ट फार वेगळी असेल असं मला वाटत नाही.

आधी एक गोंधळ मिटवतो. टीव्हीवर "राज्यात मासेमारी बंदी" अशी पट्टी फिरली की आपल्याकडं पण लोक विचारतात, मग आता तलावात जाळं टाकायचं नाही का? ती १ जून ते ३१ जुलैची बंदी समुद्रातल्या यांत्रिकी नौकांना असते. समुद्राला १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचं चालतं, त्याच्या पुढं २०० मैलांपर्यंत केंद्राचं. पर्ससीन जाळी, एलईडी लाइट लावून मासेमारी, पापलेटची पिल्लं धरायची का नाही, ही सगळी भांडणं तिकडची. कराडच्या बाजारात आपण जो बांगडा घेतो त्याच्यावर तो कायदा चालतो, आपल्या तलावातल्या कटल्यावर नाही. खातं मात्र एकच, मुंबईत ज्यांचं आयुक्तालय ते मत्स्यव्यवसाय खातं, आणि समुद्र नसला तरी आपल्या जिल्ह्यात त्यांचं ऑफिस असतंय, सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय असा बोर्ड असतो. मला हे वयाच्या चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. साताऱ्यात समुद्र नाही मग मत्स्य ऑफिस कशाला, असं म्हणून मी स्वतः हसलेलो आहे.

तर पहिलं काम, तलाव कुणाचा ते बघा. इथंच निम्मे लोक चुकतात आणि चुकीच्या टेबलावर महिना घालवतात. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, वारणा असली मोठी धरणं जलसंपदा खात्याची. त्याच्या खालचे मध्यम आणि लघु प्रकल्प पण बरेचसे तिकडंच. १०० हेक्टरच्या आतल्या सिंचनक्षमतेचे पाझर तलाव, गावतलाव हे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारेकडं, त्याच्या वरचे काही जलसंधारण खात्याकडं. भिंत आणि पाणी एका खात्याचं आणि त्यातल्या माशाचा हक्क दुसऱ्याकडं असं पण असतं, मोठ्या तलावात पाणी जलसंपदाचं आणि मासेमारीचा ठेका मत्स्य खातं देतं. जिल्हा परिषदेच्या तलावाचा ठेका कुणी दिला हे मात्र ग्रामसेवकाला नाहीतर पंचायत समितीत विचारून घ्या. सातबारावर तलावाचा गट नंबर काढा, इतर हक्कात काय लिहिलंय ते बघा, नाहीतर भिंतीजवळ जुना दगडी नाहीतर पत्र्याचा बोर्ड असतो त्यावर खात्याचं नाव असतं. आमच्या बोर्डावर नुसतं "पोहण्यास मनाई" राहिलेलं, बाकीचं पोरांनी दगडं मारून घालवलेलं.

दुसरं, कागद कुठले असतात ते पाठ करा, कारण नुसतं "तलावाची माहिती द्या" म्हटलं की ते एका ओळीचं उत्तर पाठवतात आणि आपण परत पहिल्या पायरीवर. ठेका दिला की करारनामा होतो. त्यात मुदत असते, ठेका रक्कम असते, आणि तलावाचं सरासरी जलक्षेत्र किती हेक्टर ते असतं, ह्या शब्दावर बोट ठेवा कारण रक्कम आणि बीज दोन्ही ह्याच आकड्यावर मोजतात. जलक्षेत्र कागदावर कमी दाखवलं की ठेका पण कमी आणि बीज पण कमी, आणि तलाव तर तुमच्या डोळ्यापुढं तेवढाच. मग इष्टतम मत्स्यबीज संचयन, म्हणजे एवढ्या तलावात वर्षाला किती बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडायची त्याचा आकडा. मग बीज सोडल्याचे पंचनामे, बीज खरेदीची पावती, दर वर्षीची ठेका रक्कम भरल्याचं चलन, आणि मासे किती निघाले त्याची उत्पादनाची नोंद. ठेका मच्छीमार सहकारी संस्थेला असेल तर सभासदांत क्रियाशील किती, म्हणजे खरंच जाळं टाकणारे किती, ती संख्या. भोई-कोळ्यांच्या नावानं संस्था आणि जाळं ओढणारी माणसं भलतीच, बाहेरून आणलेली, हा प्रकार किती चालतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, पण आरोप करायला जाऊ नका, फक्त संख्या मागा, संख्या पुरेशी बोलकी असते.

आता अर्ज. माहिती अधिकार २००५ चा, जोडपत्र अ भरायचं, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचं, दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर ते पण नको. ऑनलाइन पण भरता येतो पण जिल्ह्याच्या ऑफिसला मी स्वतः देऊन पोच घेणं पसंत करतो, शिक्का मारलेली झेरॉक्स हातात असली की पुढं कुणी "अर्ज आलाच नाही" म्हणत नाही. एक लक्षात ठेवा, अर्ज केंद्राच्या खात्याला करायचा असेल तर कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर चालते. आणि महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, त्यामुळं चुलत्यांचं पूर्ण भाषण त्यात लिहू नका. मी पहिल्या अर्जात तलावाचा इतिहास, १९७२ चा दुष्काळ, वडिलांनी भिंतीवर केलेलं काम सगळं लिहिलेलं, तो अर्ज शब्दमर्यादेवर परत आला आणि बरोबरच आला.

माझा दुसरा अर्ज असा होता, हवा तर उचला:

"मौजे अमुक, तालुका तमुक येथील तलावाच्या मासेमारी ठेक्याबाबत मागील पाच वर्षांची खालील कागदपत्रे मिळावीत. चालू व मागील करारनाम्याची प्रत. तलावाचे सरासरी जलक्षेत्र व इष्टतम मत्स्यबीज संचयन निश्चित केल्याची नोंद. वर्षनिहाय मत्स्यबीज सोडल्याचे पंचनामे व बीज खरेदीच्या पावत्या. ठेका रक्कम भरणा केल्याची चलने. वर्षनिहाय मत्स्योत्पादनाची नोंद. संस्थेच्या एकूण व क्रियाशील सभासदांची फक्त संख्या. प्रती घेण्यापूर्वी मला मूळ नस्तीचे अवलोकन करावयाचे आहे, त्यासाठी दिनांक व वेळ कळवावी."

शेवटची ओळ सोडू नका, सगळी गंमत त्यात आहे. अवलोकनात मूळ फाइल समोर येते, पहिला तास फुकट, पुढं पंधरा मिनिटाला पाच रुपये, पाहिजे त्या पानाची प्रत दोन रुपयाला. पोस्टानं मागितलं तर ते त्यांना वाटतील ती पानं पाठवतात. आणि सभासदांची "फक्त संख्या" हे मुद्दाम लिहिलंय, नावं-आधार मागितलं की वैयक्तिक माहिती म्हणून तेवढ्यावर सगळा अर्ज अडकवायला कारण मिळतं. "का सोडलं नाही", "कारवाई का केली नाही" असले प्रश्न पण लिहू नका, माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा नाही. का हे विचारायला तक्रार असते, ती नंतर.

अवलोकनाच्या दिवशी मी आणि चुलते दोघं गेलो. एक लाल फितीची फाइल, कडेला वाळवी लागलेली, आणि टेबलावरच्या ताई खरंच चांगल्या होत्या, पंखा आमच्याकडं फिरवला, पाणी दिलं. चुलत्यांना वाचायला चष्मा लागतो, तो घरी राहिलेला, म्हणून मी एक एक पंचनामा वाचून दाखवत होतो, अमुक तारखेला एवढी लाख कटला-रोहू-मृगळ बोटुकली सोडली, खाली सह्या. तिसऱ्या पंचनाम्याला चुलते म्हणाले, "थांब. तारीख परत वाच." मे महिन्यातली तारीख. मे मध्ये आमच्या तलावात मेंढरं बसतात. त्या वर्षी तर तळाला भेगा पडलेल्या, चुलत्यांनी स्वतः तिथनं गाळाच्या अठरा खेपा शेतात टाकलेल्या. बीज सोडायचा काळ पावसाळ्यात पाणी आल्यावर, जुलै ते सप्टेंबर, आणि इथं लाखभर बोटुकली भेगात सोडलेली. ताई पण बघत राहिल्या. मी काही बोललो नाही, त्या पानाची साक्षांकित प्रत मागितली, दोन रुपये दिले, पावती घेतली.

म्हणून सांगतो, फाइल वाचताना आकड्याच्या आधी तारखा वाचा. तारखेला तलावात पाणी होतं का हे जलसंपदाच्या पाणीपातळीच्या नोंदीत निघतं, त्याचा वेगळा अर्ज करा. मग बीजाच्या पावतीची तारीख आणि पंचनाम्याची तारीख जुळते का बघा, पावती पंचनाम्याच्या नंतरची निघाली तर मासे आधी सोडले आणि मग विकत घेतले असा चमत्कार झाला म्हणायचा. सह्या बघा, पाच वर्षं एकाच पेनानं, एकाच वळणाच्या असतील तर नोंद करून ठेवा पण बोंब मारू नका. उत्पादन शून्य आणि ठेका मात्र दर वर्षी वेळेवर भरलेला, हे पण बघण्यासारखं, तोट्यातला धंदा कुणी पाच वर्षं आनंदानं करत नाही.

उत्तर आलं नाही तर तीस दिवसांनी प्रथम अपील, त्याच ऑफिसातल्या वरच्या साहेबाकडं, जोडपत्र ब, २० रुपयांचं स्टॅम्प, मुदत पुढचे तीस दिवस. त्यावर पण काही झालं नाही तर नव्वद दिवसात राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं अपील, सातारा-सांगली दोन्ही तिकडंच येतात. माहिती दडवली तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो, पण आयोगाकडं नंबर लागायला वेळ जातो हे धरून चला. माझं काम प्रथम अपिलातच झालं, सुनावणीला साहेबांनी फक्त एवढंच विचारलं की नेमकी कुठली पानं पाहिजेत, आणि मी यादी काढून ठेवलेली.

एक बहाणा नेहमी येतो, "संस्थेला माहिती अधिकार लागत नाही." हे अर्धं खरं आहे. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये थलप्पलम प्रकरणात सांगितलंय की सहकारी संस्था निव्वळ कायद्याखाली नोंदवली म्हणून सार्वजनिक प्राधिकरण होत नाही. पण त्याच निकालात हे पण आहे की निबंधकाला, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कायद्यानं संस्थेकडनं जी माहिती घेता येते ती त्याच्यामार्फत मागता येते. म्हणजे अर्ज संस्थेकडं नाही, मत्स्य ऑफिसकडं नाहीतर सहायक निबंधकाकडं. काही जिल्ह्यात ह्या संस्थांना वेगळा निबंधक असतो, त्याच्या बोर्डावर कंसात (पदुम) लिहिलेलं असतं, पशुसंवर्धन-दुग्ध-मत्स्य, मला आधी वाटलं कुणाचं आडनाव आहे. आणि तुमच्या भावकीतलं कुणी संस्थेचा सभासद असेल तर त्याहून सोपं, सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासदाला हिशोब बघायला मिळतो, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच पाहिजे, तिथं उभं राहून मेच्या पंचनाम्याचं विचारा, सगळ्यांच्या देखत.

कागद हातात आले की तक्रार. एक पान, त्यात तीन गोष्टी, कागदावर काय आहे, प्रत्यक्षात काय होतं, आणि तुम्हाला काय पाहिजे. "चौकशी व्हावी" एवढं लिहून उपयोग नाही, "यावर्षी बीज सोडताना ग्रामपंचायतीला दोन दिवस आधी लेखी कळवावं" असलं काहीतरी, जे साहेबाला सही करून देता येईल. आपले सरकार पोर्टलवर टाका, टोकन नंबर जपून ठेवा, आणि तालुक्याच्या लोकशाही दिनाला, महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, नाहीतर जिल्ह्याच्या, पहिल्या सोमवारी, ते टोकन घेऊन जा. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन पडतं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतनं तलावावर काही पिंजरे-बिंजरे, शेडबिड आले असतील तर त्याची लाभार्थी यादी वेगळी मागा, त्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातीला ६० टक्के अनुदान असतं, म्हणून कधीकधी घरातल्या बाईच्या नावावर प्रकल्प आणि तिला पत्ताच नाही असं असतं.

तलाव सोडून नदीचं थोडं. सांगली, मिरज, पलूस, वाळवा, कराड ह्या कृष्णाकाठच्या लोकांना माशाचा हिशोब बघायची वेळ येते ती मासे मेल्यावर. त्यावेळी पहिले चार-पाच तास महत्त्वाचे, कारण पाणी पुढं जातं आणि पुरावा पण. मासे पहाटे तोंड वर काढून हवा घेत असतील, पाणी हिरवं असेल आणि आभाळ दोन दिवस झाकलेलं असेल तर ते नुसतं ऑक्सिजन कमी पडल्यानं पण असू शकतं. पण पाणी काळपट-तांबूस, मळीचा वास, आणि वाम, मरळ असले चिवट मासे पण उलटे झालेले असतील तर वरच्या अंगाला जा, कुठल्या नाल्याच्या तोंडापर्यंत मेलेले मासे आहेत आणि कुठून पुढं नाहीत ते बघा, तीच जागा महत्त्वाची. तिथला फोटो, व्हिडिओ, तारीख-वेळ-लोकेशन येईल असा. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी काढले ते पण विचारून ठेवा. लगेच प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन आणि मेल, सांगली जिल्ह्याला कोल्हापूरचं प्रादेशिक ऑफिस, साताऱ्याला पुण्याचं, आणि मत्स्य ऑफिसला पंचनाम्यासाठी वेगळं कळवा. तुम्ही बाटलीत भरून ठेवलेलं पाणी माहितीसाठी ठीक, पण खटल्यात मंडळाच्या माणसानं कायद्याप्रमाणं घेतलेला, सील केलेला नमुनाच चालतो, म्हणून तो येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नंतर त्या नमुन्याचा अहवाल माहिती अधिकारात मागा आणि त्यात विद्राव्य ऑक्सिजनचा रकाना बघा, माशांना लिटरला निदान ४ मिलिग्रॅम लागतो. ते मासे मात्र गोळा करून विकू नका, खाऊ पण नका, आमच्या ओळखीच्यांनी खाल्ले आणि दोन दिवस दवाखान्यात होते.

परत तलावावर येतो, कारण सगळ्या कागदांपेक्षा जास्त उपयोग झाला तो बीज सोडायच्या दिवशी हजर राहण्याचा. तक्रारीनंतर आम्हाला लेखी कळवलं गेलं, ऑगस्टमध्ये, पाणी निम्म्याला आल्यावर. गाडी पहाटे येते, कारण उन्हात बीज मरतं. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात, त्या आल्या आल्या फोडायच्या नाहीत, पंधरा-वीस मिनिटं तशाच तलावात तरंगत ठेवायच्या म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होतं, ज्यांना घाई असते ते हेच टाळतात. आणि मोजणी. लाखभर पिल्लं कुणी एक एक मोजत नाही, एक जाळीची वाटी भरून त्यातली मोजतात आणि मग नुसत्या वाट्या मोजतात, त्यामुळं पहिली वाटी कोण भरतो ह्यावर सगळं आहे. ती दाबून भरली की एका वाटीत जास्त पिल्लं बसतात, तो आकडा धरायचा, आणि नंतरच्या वाट्या सैल भरायच्या, लाख कागदावर होतात आणि तलावात साठ हजार. म्हणून मधली कुठलीतरी वाटी तुम्ही स्वतः उचला आणि ती मोजायला लावा, परातीत थोडं पाणी घेऊन. पिल्लं बोटाएवढी आहेत का बघा, तांदळाएवढी असतील तर ती बोटुकली नाही, आणि तलावातली चिलापी ती संध्याकाळपर्यंत संपवते. सगळ्या पिशव्या एकाच प्रकारच्या माशाच्या आहेत का मिसळ आहे ते पण पंचनाम्यात लिहून घ्या.

आमच्या वाटीत पहिल्यांदा मोजले त्याच्यापेक्षा चौथीत बरेच कमी भरले. गाडीवाला म्हणाला, "काका, एवढं कोण बघतं?" चुलत्यांनी चष्मा पुसला, ह्या वेळी आणलेला होता, आणि म्हणाले, "पाचवी भर."

पंचनाम्यावर सही करायच्या आधी रिकाम्या जागांवर रेघ मारून घ्या, नंतर त्यात आकडा वाढतो. सही करताना तारीख, वेळ आणि त्या दिवशीची पाणीपातळी स्वतःच्या हातानं लिहा, आणि तिथल्या तिथं मोबाइलमध्ये फोटो काढा, आख्ख्या पानाचा, कोपरे दिसतील असा.